पायी भ्रमंतीत रायफल व दुर्बीण वाहून नेण्याच्या पद्धती

पायी भ्रमंतीत रायफल व दुर्बीण वाहून नेण्याच्या पद्धती म्हणजे जंगलात, डोंगरात किंवा माळरानावर पायी फिरणाऱ्या व्यक्तीने ही दोन साधने अंगावर बाळगण्याच्या रूढ रीती होत. पायी शिकार, सशस्त्र वनगस्त आणि पक्षिनिरीक्षण या तिन्ही क्षेत्रांत या रीतींचा विकास झाला. दिवसभर चालूनही मान, खांदे व पाठ यांवर ताण न येणे, हात शक्य तितके मोकळे राहणे, साधन विनाविलंब हाती येणे आणि रायफलीची नळी कोणत्याही क्षणी कोणाकडेही रोखली न जाणे, ही या रीतींची चार प्रमुख उद्दिष्टे मानली जातात.

भारतात वन्य प्राण्यांच्या शिकारीवर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आहे. त्यामुळे येथे या विषयाचे शिकारीपुरते महत्त्व आता ऐतिहासिक आहे. दुर्बिणीच्या बाबतीत मात्र तो रोजच्या उपयोगाचा आहे. मुंबई उपनगर हे या बदलाचे ठळक उदाहरण होय. साष्टी बेटावरील ज्या टेकड्यांवर व पाणथळ जागी एके काळी बंदूक घेऊन फिरणे सामान्य होते, तेथेच आज बोरिवली, अंधेरी, मुलुंड व घाटकोपर या भागांतील पक्षिनिरीक्षक केवळ दुर्बीण घेऊन फिरतात.

## संज्ञा

मराठीत 'बंदूक' हा शब्द खांद्याला लावून चालवायच्या सर्व लांब नळीच्या शस्त्रांसाठी सैलपणे वापरला जातो. 'रायफल' म्हणजे नळीच्या आतील बाजूस मळसूत्रासारख्या खाचा असलेली बंदूक. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व लांबपर्यंत नेमकी लागते. पक्ष्यांच्या शिकारीसाठी वापरली जाणारी छऱ्यांची बंदूक, विशेषतः दुनळी, आतून गुळगुळीत असते. नळीत पुढून दारू व गोळी ठासून भरायच्या जुन्या बंदुकीस 'ठासणीची बंदूक' म्हणतात. बंदुकीचा जो लाकडी भाग खांद्याला टेकवला जातो तो 'दस्ता', आणि बोटाने ओढला जातो तो 'चाप'.

'दुर्बीण' हा शब्द येथे दोन्ही डोळ्यांनी पाहण्याच्या द्विनेत्री दुर्बिणीसाठी वापरला आहे. तिच्यावर '८×४२' असे अंक लिहिलेले असतात. पहिला अंक वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्या अंकाला पहिल्याने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ८×४२ दुर्बिणीत तो ५.२५ मिलिमीटर असतो. हा व्यास जितका मोठा, तितके पहाटे व संध्याकाळच्या मंद उजेडात चांगले दिसते. मात्र भिंग मोठे झाले की वजनही वाढते. म्हणून दुर्बिणीची निवड आणि ती वाहून नेण्याची पद्धत या गोष्टी परस्परांशी निगडित आहेत.

## इतिहास

### बंदूक

ठासणीच्या बंदुकीच्या काळात शिकाऱ्याला बंदुकीबरोबरच दारूचे शिंग, गोळ्यांची पिशवी व गज असे सर्व सामान जवळ ठेवावे लागे. बंदूक भरण्यास वेळ लागत असल्यामुळे सधन शिकारी भरलेली दुसरी बंदूक घेतलेला माणूस सोबत ठेवत. राजेरजवाडे आणि ब्रिटिश अधिकारी यांच्या शिकारीत हत्तीचा हौदा, मचाण व हाकारे यांचा वापर होई आणि शस्त्र वाहण्याचे काम नोकरांकडे असे. त्यामुळे 'रायफल स्वतः कशी बाळगावी' हा प्रश्न मुख्यतः पायी शिकार करणाऱ्यांपुरता होता. १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटणीची उभारणी करणारे जेम्स आउट्रम पायी शिकारीसाठी प्रसिद्ध होते. कुमाऊँमध्ये नरभक्षक वाघ व बिबट्यांचा माग काढणारे जिम कॉर्बेट हेही बहुतेक वेळा एकट्याने व पायी फिरत.

काडतुसाच्या बंदुका आल्यानंतर सामान कमी झाले. सैनिकी रायफलींवरील पट्ट्याचा प्रसारही शिकाऱ्यांमध्ये झाला. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश भारतीय सैन्याने वापरलेल्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीचे वजन सुमारे ४ किलोग्रॅम होते. नळीकडच्या व दस्त्याकडच्या कड्यांत अडकवलेल्या एका पट्ट्याने ती खांद्यावर टाकली जाई. आजच्या शिकारी रायफलींवरील पट्ट्याची मूळ रचना हीच आहे.

### दुर्बीण

इटालियन संशोधक इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये लोलकांच्या साहाय्याने प्रतिमा सुलटी करणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. १८९४ मध्ये जर्मनीतील येना येथील कार्ल झाइस कंपनीने अर्न्स्ट आबे यांच्या संशोधनावर आधारित लोलकयुक्त द्विनेत्री दुर्बिणी बाजारात आणल्या. त्यापूर्वीच्या मैदानी दुर्बिणींत वर्धन कमी व दृष्टिक्षेत्र अरुंद असे. लोलकांमुळे दुर्बीण आखूड झाली आणि गळ्यात अडकवून दिवसभर चालणे शक्य झाले. पुढे सरळ नळीच्या, एका रेषेत लोलक बसवलेल्या दुर्बिणी आल्या. त्या छातीशी सपाट बसत असल्यामुळे चालणाऱ्यांमध्ये अधिक रूढ झाल्या.

### साष्टी बेट व मुंबई उपनगर

आजच्या मुंबई उपनगरांचा बहुतांश भाग साष्टी बेटावर वसला आहे. हे बेट ब्रिटिश काळात दीर्घकाळ ठाणे जिल्ह्यात होते. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. त्या काळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही भातखाचरे, खाजणे व टेकड्यांनी वेढलेली गावे होती. मधल्या डोंगररांगेत कान्हेरी लेणी तसेच विहार व तुळशी हे तलाव असून त्यांभोवती दाट पानझडी जंगल होते.

मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत शिकारीची आवड असणारे अनेक जण होते. त्या काळी निसर्ग-अभ्यास व शिकार यांत आजच्यासारखी फारकत नव्हती. पक्ष्याची निश्चित ओळख पटवण्यासाठी तो मारून त्याचा नमुना संग्रहालयात ठेवणे ही शास्त्रमान्य पद्धत होती. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) यांचा या विषयाशी संबंधही बंदुकीतूनच आला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या कंठाच्या रानचिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी ते सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे गेले. या प्रसंगावरूनच त्यांच्या १९८५ साली प्रकाशित झालेल्या आत्मचरित्राचे नाव 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' असे ठेवले गेले.

सालिम अली व हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टीतील पक्ष्यांवर लिहिलेली लेखमाला १९३० च्या दशकात सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हुमायून अब्दुलअली यांचा मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत, तसेच बोरिवली येथील राष्ट्रीय उद्यानाच्या स्थापनेसाठी झालेल्या प्रयत्नांत महत्त्वाचा वाटा होता. बंदुकीची जागा हळूहळू जाळी, पायातील कडी व दुर्बीण यांनी घेतली. सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास सुरू केला.

## दोन स्वतंत्र साधनांची आवश्यकता

अनेक रायफलींवर नेम धरण्यासाठी एकनेत्री दुर्बीण बसवलेली असते. तरीही वेगळी द्विनेत्री दुर्बीण का बाळगावी, याचे मुख्य कारण सुरक्षिततेचे आहे. रायफलीवरील दुर्बिणीतून ज्या दिशेला पाहिले जाते, त्याच दिशेला भरलेल्या रायफलीची नळी रोखलेली असते. झुडपामागे काय हलते आहे हे पाहण्यासाठी रायफल उचलली आणि तेथे माणूस असेल, तर तो माणूस नेमाच्या टप्प्यात येतो. म्हणून 'ओळख दुर्बिणीने, नेम रायफलीने' हा पायी शिकारीचा मूलभूत नियम मानला जातो.

या नियमाचा वाहून नेण्याच्या पद्धतीशी थेट संबंध आहे. गैरसोयीची दुर्बीण चालणारा सॅकमध्ये ठेवून देतो, आणि सॅकमधली दुर्बीण ऐन वेळी बाहेर निघत नाही. अशा वेळी हाताशी असलेली रायफलच पाहण्यासाठी वापरली जाते किंवा न पाहताच बार काढला जातो. गळ्यावरचा पट्टा बोचू नये ही बाब त्यामुळे केवळ आरामाची राहत नाही.

चुकीच्या ओळखीमुळे होणारे मृत्यू महाराष्ट्रातही घडले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळील बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीसाठी गेलेल्या गावकऱ्यांच्या गटातील एकाचा, रानडुक्कर समजून झाडलेल्या गोळीने मृत्यू झाला. अशी शिकार मुळात बेकायदेशीर असते. ती बहुधा रात्री किंवा दाट झाडीत, लपूनछपून केली जात असल्यामुळे सोबती नेमके कोठे आहेत याचा अंदाज राहत नाही आणि ओळख चुकण्याचा धोका वाढतो.

## रायफल वाहून नेण्याच्या पद्धती

नेम-दुर्बिणीसह शिकारी रायफलीचे वजन साधारणपणे साडेतीन ते साडेचार किलोग्रॅम भरते. ती वाहण्याच्या पुढील पद्धती रूढ आहेत.

* नळी वर, खांद्यावर: पट्टा उजव्या खांद्यावर, रायफल पाठीमागे व नळी आकाशाकडे. लांबच्या चालीसाठी ही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे. सपाट, मोकळ्या जमिनीवर ती सोयीची असते. दाट झाडीत नळी फांद्यांत अडकते आणि पावसाचे पाणी नळीत शिरू शकते.
* नळी खाली, खांद्यावर: रायफल उलटी टाकून नळी जमिनीकडे ठेवली जाते. पावसात व झाडीत ही पद्धत उपयोगी पडते. बसताना किंवा उतरणीवर नळीचे तोंड मातीत रुतणार नाही याची काळजी घ्यावी लागते. चिखलाने बुजलेल्या नळीतून बार काढल्यास नळी फुटू शकते.
* आफ्रिकी पद्धत: उजव्या हाताने नेम धरणारा रायफल डाव्या खांद्यावर, नळी खाली व पुढे आणि चाप बाहेरच्या बाजूस अशी टाकतो. डावा हात नळीखालच्या लाकडावर असतो. एका हालचालीत रायफल खांद्याला लागते, म्हणून धोकादायक प्राण्यांच्या प्रदेशात ती रूढ झाली.
* दोन्ही हातांत तिरपी: रायफल छातीसमोर तिरपी धरून नळी वर व बाजूला ठेवली जाते. नळीवर सर्वांत जास्त ताबा याच पद्धतीत राहतो. मात्र दोन्ही हात गुंतल्यामुळे दुर्बीण वापरता येत नाही आणि हात लवकर दमतात.
* कोपराच्या खोबणीत: रायफल दुमडलेल्या हाताच्या कोपरावर आडवी ठेवली जाते. थंडीत हात मोकळे राहतात. नळी बाजूला रोखलेली राहत असल्यामुळे त्या बाजूस कोणी चालत असल्यास ही पद्धत वर्ज्य आहे.
* पाठीवर दोन पट्ट्यांनी: सॅकप्रमाणे दोन्ही खांद्यांवर भार येतो व हात पूर्ण मोकळे राहतात. बर्फावरील बायथलॉन या क्रीडाप्रकारात स्पर्धक किमान ३.५ किलोग्रॅम वजनाची रायफल अशाच पद्धतीने पाठीवर घेऊन घसरपट्ट्यांवरून जातात. चढणीच्या वाटेवर ही सर्वांत आरामदायी पद्धत आहे, परंतु रायफल हाती येण्यास वेळ लागतो.

पट्टा रुंद असल्यास भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो व खांद्यात रुतत नाही. आतील बाजू खरखरीत असल्यास तो घसरत नाही. पट्टा सैल असेल तर रायफल पावलागणिक कमरेवर आपटते. पट्ट्याचा दुसरा उपयोग नेम स्थिर करण्यासाठी होतो. नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात गुडघा टेकून व पालथे झोपून नेम धरताना पट्टा वापरता येतो, उभ्याने मात्र नाही. याच प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले.

## दुर्बीण वाहून नेण्याच्या पद्धती

पक्षिनिरीक्षणासाठी प्रचलित असलेल्या ८×४२ किंवा १०×४२ दुर्बिणीचे वजन बहुधा ६०० ते ८०० ग्रॅम असते. हे वजन रायफलीच्या मानाने थोडे असले, तरी गळ्यातील पट्ट्याने ते मानेच्या मणक्यांवर एकाच ठिकाणी येते. शिवाय लांब पट्ट्याला टांगलेली दुर्बीण लंबकासारखी हेलकावते. दर पावलाला ती छातीवर आपटते आणि खाली वाकल्यास पुढे झेपावते. काही तासांच्या चालीनंतर मान व खांदे दुखण्याचे कारण बहुतेकदा हे हेलकावेच असतात.

* गळ्यातील आखूड पट्टा: दुर्बीण बेंबीपाशी न लोंबता छातीच्या मध्यभागी राहील इतका पट्टा आखूड केल्यास हेलकावे पुष्कळ कमी होतात. पट्टा डोक्यावरून सहज काढता येईल इतका मात्र तो असावा लागतो. ही सर्वांत साधी व विनाखर्चाची सुधारणा आहे.
* आडवा पट्टा: पट्टा एका खांद्यावरून विरुद्ध बगलेखाली घेतला जातो. मानेवरचा भार पूर्णपणे खांद्यावर जातो. चालताना दुर्बीण बगलेखाली ढकलता येते व पाहताना पट्ट्यावरून पुढे सरकवता येते.
* पाठीवर फुली असलेला पट्टा: दोन्ही खांद्यांवरून जाणारे व पाठीवर एकमेकांना छेदणारे लवचिक पट्टे दुर्बिणीस छातीशी धरून ठेवतात. मानेवर भार येत नाही आणि दुर्बीण डोळ्यांशी नेताना पट्टे ताणले जातात. दिवसभराच्या भ्रमंतीसाठी अनुभवी निरीक्षक बहुधा हीच पद्धत निवडतात.
* छातीवरील पिशवी: दुर्बीण झाकणाच्या पिशवीत ठेवून ती पिशवी पट्ट्यांनी छातीवर बांधली जाते. धूळ, पाऊस व काटेरी झुडपे यांपासून संरक्षण मिळते. झाकण आवाज न करता उघडणारे असणे आवश्यक असते.

पद्धत कोणतीही असली तरी पक्षी किंवा प्राणी यांवरील नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणता येणे ही तिची कसोटी होय. नजर खाली नेऊन दुर्बीण शोधावी लागली, तर वर पाहीपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो.

## दोन्ही साधने एकत्र बाळगणे

रायफल, दुर्बीण आणि सॅक एकाच वेळी अंगावर असल्यास पट्टे एकमेकांत अडकतात. यावरील उपाय म्हणून अंगावर चढवण्याचा क्रम ठरलेला असतो. सर्वांत आत दुर्बिणीचा फुलीचा पट्टा, त्यावर सॅक आणि सर्वांत बाहेर रायफल. उतरवताना क्रम नेमका उलटा होतो. त्यामुळे कुंपण किंवा ओढा ओलांडण्यापूर्वी बाकी काही न काढता रायफल आधी बाजूला करता येते.

सॅकच्या पट्ट्यावरून रायफलीचा पट्टा घसरतो, ही नेहमीची तक्रार आहे. तो सावरण्यासाठी चालणारा नकळत खांदा उचलून धरतो आणि काही वेळाने मानेच्या त्या बाजूस गोळे येतात. सॅकच्या खांदेपट्ट्यावर लहान कडी किंवा गुंडी शिवून घेतल्यास रायफलीचा पट्टा जागीच राहतो. काही वेळाने खांदा बदलणे हाही उपाय आहे, परंतु गळ्यात आडवा पट्टा असल्यास तो रायफलीच्या विरुद्ध बाजूस घेतला जातो.

धातूच्या कड्या, बक्कल व दुर्बिणीचे टोक दस्त्यावर आपटून होणारा आवाज प्राण्यांना दुरूनच सावध करतो. म्हणून कड्यांवर कापड किंवा चामडे गुंडाळले जाते. दुर्बीण छातीशी घट्ट बांधलेली असल्यास हा आवाज आपोआप थांबतो. वनगस्तीतही हाच नियम लागू पडतो. आसाममधील काझीरंगा राष्ट्रीय उद्यानात गेंड्यांच्या चोरट्या शिकारीविरुद्ध पायी गस्त घालणारे वनरक्षक रायफल बाळगतात. तेथे आवाज होणे किंवा पट्ट्यात हात अडकणे त्यांच्या जिवावर बेतू शकते.

## उष्ण व दमट हवामानातील वापर

या साधनांविषयीचे बरेचसे लेखन युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत झाले आहे. तेथील सल्ले कोकण किनाऱ्यावर जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मुंबई उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या काळातही हवेत दमटपणा असतो. रबरी फेसाचे जाड पट्टे थंडीत उबदार वाटतात, पण येथे त्यांखाली घाम साचून त्वचेवर पुरळ येते. त्यामुळे रुंद सुती किंवा जाळीदार पट्टे अधिक योग्य ठरतात. ते वेळोवेळी धुऊन वाळवावे लागतात, कारण घामातील क्षारांमुळे शिवण कमजोर होते व धातूच्या कड्या गंजतात.

दमटपणामुळे दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशी वाढते. ती आतून वाढल्यास साफ करणे कठीण असते. नायट्रोजन भरून हवाबंद केलेल्या दुर्बिणींत हा धोका कमी असतो. पावसात वापरलेली दुर्बीण चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत तशीच ठेवू नये. ती कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवण्याची पद्धत आहे.

## सुरक्षितता

शस्त्र बाळगण्याबाबत पुढील नियम जगभर सर्वमान्य आहेत. नेमबाजीच्या मैदानांवर आणि सशस्त्र गस्तीतही तेच शिकवले जातात.

* प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून हाताळावी.
* नळी कधीही माणसाकडे, वस्तीकडे किंवा वाटेकडे रोखली जाऊ नये. खांद्यावरची रायफल वळताना मागच्या माणसावरून फिरते, हे लक्षात ठेवावे.
* प्रत्यक्ष नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. केवळ सुरक्षा-खटक्यावर विसंबून राहू नये.
* कुंपण, ओढा, कडा ओलांडताना, झाडावर चढताना आणि वाहनात बसताना काडतुसे काढून ठेवावीत.
* लक्ष्याची व त्याच्या मागे काय आहे याची खात्री दुर्बिणीने करावी. रायफलीचे काम त्यानंतरच सुरू होते.
* दुर्बीण डोळ्यांशी असताना रायफल हातात लोंबकळत ठेवू नये. ती खांद्यावर पक्की असावी किंवा रिकामी करून खाली ठेवावी.

## भारतातील कायदेशीर स्थिती

शस्त्र बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक असतो. मात्र शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या मूळ मसुद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली आणि कलम ९ अन्वये अनुसूचित वन्य प्राण्यांच्या शिकारीवर सरसकट बंदी आली. या कायद्यातील 'शिकार' या संज्ञेत मारणे, पकडणे व सापळा लावणे यांबरोबरच तसा प्रयत्न करणे आणि त्या हेतूने प्राण्याला हाकणे यांचाही समावेश होतो. माणसाच्या जिवाला धोका निर्माण झाल्यास किंवा पिकांचे नुकसान होत असल्यास कलम ११ नुसार सक्षम वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने अपवाद करता येतो. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात शिकार केल्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

मुंबई उपनगरांच्या दृष्टीने दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. कलम ३१ नुसार पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकांनी आपल्या नावाची नोंदणी करणे आवश्यक असून, त्या क्षेत्रात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते. कलम ३५ मुळे या दोन्ही तरतुदी राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. उपनगरांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वेस २०१५ साली घोषित झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. त्यामुळे बोरिवली, मुलुंड, अंधेरी व घाटकोपर हे सर्वच भाग दहा किलोमीटरच्या या मर्यादेत येतात. दुर्बिणीवर असे कोणतेही निर्बंध नाहीत. उद्यानाच्या पर्यटन क्षेत्रात प्रवेशाचे नियम पाळून ती नेता येते.

## मुंबई उपनगरांतील सद्यस्थिती

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील शिलोंडा पायवाट व कान्हेरी परिसर, गोरेगावची आरे वसाहत, भांडुप उदंचन केंद्राचा रस्ता आणि ठाणे खाडीचा किनारा ही उपनगरांतील पक्षिनिरीक्षणाची परिचित ठिकाणे आहेत. गोरेगाव येथे उद्यानाच्या सीमेलगत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. खाडीवर हिवाळ्यापासून पावसाळ्यापूर्वीपर्यंत रोहित पक्ष्यांचे मोठे थवे येतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

या ठिकाणी येणाऱ्या निरीक्षकाला लोकलच्या गर्दीतून प्रवास करून पहाटेच पायपीट सुरू करावी लागते. आडवा पट्टा किंवा छातीवरील पिशवी येथे दुहेरी उपयोगाची ठरते. गाडीत दुर्बीण धक्क्यापासून सुरक्षित राहते आणि जंगलात हात मोकळे राहतात. उद्यानात व आरे परिसरात बिबट्यांचा वावर असल्यामुळे एकट्याने न फिरणे, ठरलेली पायवाट न सोडणे व अंधार पडण्यापूर्वी परतणे हे नियम पाळले जातात. बिबट्या वस्तीत शिरल्यास त्याला भूल देऊन पकडण्याचे काम वन विभागाच्या प्रशिक्षित पथकाचे असते. इतर कोणी शस्त्र घेऊन त्यात पडणे हा गुन्हा ठरू शकतो.

शिकारीच्या काळात रायफल व दुर्बीण एकत्र वाहण्यासाठी विकसित झालेले ज्ञान अशा प्रकारे उपनगरांत दुर्बिणीपुरते उरले आहे. भार मानेवरून खांद्यांवर आणणे, साधन छातीशी स्थिर ठेवणे, आवाज टाळणे आणि आधी ओळख पटवून मगच पुढचे पाऊल उचलणे ही तत्त्वे मात्र बदललेली नाहीत.

## हे सुद्धा पहा

* संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
* बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी
* सालिम अली
* हुमायून अब्दुलअली
* पक्षिनिरीक्षण
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
* ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य